पट्टी क्रमांक टेक्स्टबॉक्सपर्यंत पोहोचवायचा कसा: व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या फॉर्ममधले पॅरामीटर

"काका, फॉर्मला पट्टी नंबर पोहोचतोय, पण आतल्या टेक्स्टबॉक्सला मिळत नाही. तिथं शून्यच दिसतं."

चोपड्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे जुना प्रोग्राम सांभाळायला नुकताच लागलेला मुलगा मला फोनवर सांगत होता. बीसीए झालेला, डोक्याने तल्लख. जावा आणि पायथन तो कॉलेजात शिकला, पण नोकरीत वाट्याला आला तो फॉक्सप्रो, म्हणजे डेटाबेसचे प्रोग्राम लिहायची जुनी भाषा, आणि तो त्याला कोणीच शिकवलेला नव्हता. खानदेशात अशी मुलं-मुली मला सारखी भेटतात. केळीची पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या वजन-भावाचा हिशेबाचा कागद), पतपेढीची खातेवही, डाळमिलची आवक-जावक असे प्रोग्राम कोणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहून गेलेले असतात. धंदा त्यांच्यावर रोज चालतो आणि दुरुस्तीची वेळ आली की ते नव्या माणसाच्या गळ्यात पडतात. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे.

मुलाचा प्रश्न छोटा वाटतो, पण तो नीट उमगला की फॉर्मचा निम्मा कारभार उमगतो.

थोडी पार्श्वभूमी देतो. फॉक्सप्रो ज्या कंपनीने घडवला ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली फॉक्स सॉफ्टवेअर. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. १९९५ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ३ पासून फॉर्म (पडद्यावरची खिडकी), क्लास (ऑब्जेक्टचा साचा), प्रॉपर्टी (ऑब्जेक्टने जपलेले मूल्य), मेथड (ऑब्जेक्टचे एखादे काम करणारा कोड) हे सगळे आले. शेवटची आवृत्ती ९, ती २००४ च्या अखेरीस आली. पुढची आवृत्ती निघणार नाही असे कंपनीने २००७ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये आधार देणेही थांबवले. तरी लिहून ठेवलेले प्रोग्राम चालतच आहेत. खाली सांगतो ते आवृत्ती ९ धरून, पण बहुतेक भाग ६ लाही लागू पडतो.

कोडच्या ओळी इथे देवनागरीत दिल्या आहेत, आपण एकमेकांना फोनवर वाचून दाखवतो तशा. कमांड विंडोत किंवा फॉर्म डिझायनरमध्ये टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच टाइप करा. नावांच्या सुरुवातीची अक्षरे फॉक्सप्रोवाल्यांच्या जुन्या रिवाजाची आहेत. 'टी' म्हणजे पॅरामीटर म्हणून, बोलावणाऱ्याने पाठवलेले मूल्य म्हणून आलेले, 'एल' म्हणजे लोकल, त्यापुढचा 'एन' म्हणजे आकडा आणि 'सी' म्हणजे मजकूर. म्हणून 'टीएनपट्टी' हे नाव वाचले की कळते, हा बाहेरून आलेला आकडा आहे.

पब्लिक व्हेरिएबलचा मोह

जुन्या प्रोग्राममध्ये तुम्हाला हमखास दिसेल ते असे: यादीच्या फॉर्ममध्ये एक पब्लिक व्हेरिएबल भरायचे आणि पट्टीचा फॉर्म उघडून त्यात तेच वाचायचे. पॅरामीटर नाही, प्रॉपर्टी नाही, कसलीच कटकट नाही. चालतेसुद्धा.

मीही सुरुवातीला असेच लिहायचो. एका व्यापाऱ्याकडे केळीचा हंगाम जोरात होता. संध्याकाळी गाड्या लागलेल्या, काट्यावर गर्दी. मुनीमजींनी एक पट्टी अर्धवट ठेवून दुसरी उघडली, कारण दुसरा शेतकरी घाईत होता. दुसरी पट्टी उघडताच माझ्या पब्लिक व्हेरिएबलमध्ये दुसरा क्रमांक बसला. मग मुनीमजी पहिल्या फॉर्मवर परत आले आणि प्रिंट दाबले. पडद्यावर पहिल्या शेतकऱ्याची पट्टी होती आणि कागदावर दुसऱ्याचे वजन उतरले. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी कागद घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, हाई पट्टी मनी नही शे." (ही पट्टी माझी नाही.) वजनातला फरक त्याने घरी बसून पेन्सिलीने काढलेला होता. त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब माझ्या एका ओळीमुळे चुकला होता. तेव्हापासून असा क्रमांक मी पब्लिकमध्ये ठेवत नाही.

कारण साधे आहे. एकच फॉर्म 'डू फॉर्म'ने दोनदा उघडला तर त्याच्या दोन स्वतंत्र प्रती तयार होतात. प्रत्येक प्रतीची प्रॉपर्टी तिच्यापुरती असते. पब्लिक व्हेरिएबल मात्र साऱ्या प्रोग्रामला मिळून एकच.

पाठवणे आणि घेणे

पाठवणारी ओळ यादीच्या फॉर्मवरच्या बटणाच्या क्लिकमध्ये लिहायची:

लोकल एलएनपट्टी
एलएनपट्टी = पट्टीयादी.क्रमांक
डू फॉर्म पट्टी विथ एलएनपट्टी, "पाहणे"

'विथ'नंतर स्वल्पविराम देत हवी तितकी मूल्ये द्या. ती ज्या क्रमाने पाठवाल त्याच क्रमाने पलीकडे मिळतात. नावे जुळण्याची गरज नाही, क्रम जुळला पाहिजे.

घेणारी ओळ पट्टी फॉर्मच्या इनिट इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म तयार होताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये लिहायची. त्याच्या आधी चालणाऱ्या लोड इव्हेंटमध्ये लिहाल तर काही मिळणार नाही. आणि इनिटमधली पहिली कामाची ओळ हीच असली पाहिजे, तिच्या आधी फक्त शेरा चालतो:

एलपॅरामीटर्स टीएनपट्टी, टीसीकाम

पाठवणाऱ्याने मूल्य दिले पण इनिटमध्ये ही ओळच नसेल तर पॅरामीटर स्टेटमेंट सापडत नाही अशी एरर येते. पाठवलेली मूल्ये घेणाऱ्या नावांपेक्षा जास्त असतील तरी एरर येते. पण कमी पाठवली तर फॉक्सप्रो गप्प राहतो. जे मिळाले नाही ते नाव लॉजिकल खोटे, म्हणजे 'डॉट एफ डॉट' घेऊन बसते. खरा धोका या गप्प राहण्यात आहे, कारण चूक तिथे न दिसता चार ओळी पुढे कुठेतरी 'प्रकार जुळत नाही' अशा रूपात उगवते. म्हणून घेतल्याबरोबर तपासा:

इफ व्हारटाइप(टीएनपट्टी) <> "एन"
  मेसेजबॉक्स("पट्टी क्रमांक मिळाला नाही")
  रिटर्न .एफ.
एन्डइफ

'व्हारटाइप' आकड्याला 'एन', मजकुराला 'सी', तारखेला 'डी', लॉजिकलला 'एल', ऑब्जेक्टला 'ओ' असे अक्षर परत देते. इनिटमधून 'डॉट एफ डॉट' परत केले तर फॉर्म उघडतच नाही. क्रमांकाशिवाय उघडलेल्या रिकाम्या पट्टीत कोणी भलतेच वजन भरण्यापेक्षा ती न उघडलेली बरी.

किती मूल्ये आली हे मोजायचे असेल तर 'पीकाउंट' वापरा. त्याच कामाचे 'पॅरामीटर्स' नावाचे जुने फंक्शनही आहे, पण मध्ये दुसरे काही बोलावले गेले की त्याचे उत्तर बदलते. जुन्या कोडमध्ये 'एलपॅरामीटर्स'ऐवजी नुसते 'पॅरामीटर्स' ही कमांडही दिसेल. फरक व्याप्तीचा आहे. 'एल' असलेली नावे त्या मेथडपुरतीच दिसतात, 'एल' नसलेली तिथून बोलावलेल्या पुढच्या कोडलाही दिसतात. नवे लिहाल ते 'एल'वालेच लिहा.

मूल्य प्रॉपर्टीत ठेवा

'टीएनपट्टी' हे नाव इनिट संपताच नाहीसे होते. सेव्हच्या बटणाने ते विचारले तर 'असे व्हेरिएबल नाही' हेच उत्तर येईल. म्हणून ते फॉर्मच्या स्वतःच्या प्रॉपर्टीत ठेवायचे. फॉर्म डिझायनर उघडा, वरच्या फॉर्म मेनूतून 'न्यू प्रॉपर्टी' घ्या आणि 'एनपट्टी' नाव द्या. प्रॉपर्टी विंडोत तिचे सुरुवातीचे मूल्य शून्य करा, नाहीतर तीही 'डॉट एफ डॉट' राहते. मग इनिटमध्ये तपासणीच्या खाली ('धिसफॉर्म' म्हणजे आपण आहोत तो फॉर्म, नुसते 'धिस' म्हणजे ज्याच्यात कोड आहे ते ऑब्जेक्ट):

धिसफॉर्म.एनपट्टी = टीएनपट्टी

आता फॉर्मवरच्या कोणत्याही बटणातून, पेजफ्रेमच्या तिसऱ्या पानावरच्या टेक्स्टबॉक्समधूनही 'धिसफॉर्म.एनपट्टी' म्हटले की तोच क्रमांक मिळतो.

इथपर्यंत त्या मुलाने सगळे बरोबर केले होते.

मग टेक्स्टबॉक्सला शून्य का दिसले?

त्याने टेक्स्टबॉक्सच्या इनिटमध्ये लिहिले होते:

धिस.व्हॅल्यू = धिसफॉर्म.एनपट्टी

वाचायला अगदी बिनचूक. चूक वेळेची आहे. फॉर्म जन्माला येताना आधी फॉर्मचा लोड चालतो. तेव्हा आतला एकही कंट्रोल (टेक्स्टबॉक्स, बटण वगैरे) अस्तित्वात नसतो. मग आतल्या कंट्रोलचे इनिट चालतात. कंटेनरमध्ये, म्हणजे कंट्रोल एकत्र ठेवायच्या चौकटीत, टेक्स्टबॉक्स असेल तर आधी टेक्स्टबॉक्सचा, मग कंटेनरचा, असे आतून बाहेर. सर्वांत शेवटी खुद्द फॉर्मचा इनिट. पॅरामीटर येतो तो याच शेवटच्या इनिटमध्ये. त्यानंतर ॲक्टिव्हेट.

म्हणजे टेक्स्टबॉक्सने 'एनपट्टी' विचारली तेव्हा फॉर्मच्या हाती काहीच आलेले नव्हते. त्याला शून्य मिळाले, ते त्याने दाखवले आणि त्याचा इनिट संपला. पुढच्याच क्षणी खरा क्रमांक आला, पण टेक्स्टबॉक्सला पुन्हा विचारायला कोणी सांगितले नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा. नवा फॉर्म घ्या. त्यात एक टेक्स्टबॉक्स, एक कंटेनर आणि कंटेनरच्या आत आणखी एक टेक्स्टबॉक्स ठेवा. प्रत्येकाच्या इनिटमध्ये आणि फॉर्मच्या लोड-इनिटमध्ये या दोन ओळी घाला:

ॲक्टिव्हेट स्क्रीन
? धिस.नेम

फॉर्म चालवला की मुख्य पडद्यावर नावे उमटतील. फॉर्मचे नाव सर्वांत वर लोडमुळे येईल आणि सर्वांत खाली इनिटमुळे. मधली सगळी आतली मंडळी. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे, पण नव्या माणसाकडून मी तो करून घेतोच, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. शेजारशेजारच्या दोन कंट्रोलमध्ये कोण आधी, यावर मात्र कधी काम उभारू नका. डिझायनरमध्ये काहीतरी पुढे-मागे हलवले की तो क्रम बदलू शकतो.

वरून खाली वाटणे

यातून पद्धत ठरते. कंट्रोलने आपल्या इनिटमध्ये फॉर्मकडे मागायला जायचे नाही. फॉर्मने आपल्या इनिटच्या शेवटी खाली वाटायचे. काम लहान असेल तर थेट:

धिसफॉर्म.टेक्स्टपट्टी.व्हॅल्यू = धिसफॉर्म.एनपट्टी

पण खऱ्या फॉर्मवर एवढ्यावर भागत नाही. शेतकऱ्याचे नाव-गाव दाखवणारा एक कंटेनर असतो, काट्याच्या चिठ्ठ्यांचा ग्रिड (ओळी-कॉलमांचा तक्ता) असतो, केळी नवती (नव्या लागवडीची) की पिलबाग (खोडव्याची) हे निवडायचा कॉम्बो असतो. प्रत्येकाला क्रमांक मिळाल्यावर आपापले काही करायचे असते. ते सगळे फॉर्मच्या इनिटमध्ये कोंबले की दोनशे ओळींचा इनिट तयार होतो, आणि तोच कंटेनर उद्या उचल देण्याच्या फॉर्मवर लागला की त्या दोनशे ओळींतून त्याच्या वाटच्या ओळी वेचत बसावे लागते.

म्हणून त्या त्या ऑब्जेक्टला स्वतःची मेथड द्या, पॅरामीटर घेणारी. इथे नवा माणूस एकदा तरी अडतो. फॉर्मवर नुसत्या ठेवलेल्या टेक्स्टबॉक्सला किंवा कंटेनरला डिझायनरमध्ये नवी मेथड जोडताच येत नाही. फॉर्म मेनूतली 'न्यू मेथड' ती मेथड फॉर्मला जोडते, कंट्रोलला नाही. कंट्रोलला हवी असेल तर आधी त्याचा क्लास करावा लागतो. तो असा.

फॉर्मवर कंटेनर नीट मांडून घ्या, आत नाव, गाव, खाते क्रमांक यांचे टेक्स्टबॉक्स. कंटेनर निवडून फाइल मेनूतून 'सेव्ह ॲज क्लास' घ्या. निवडलेले कंट्रोल हा पर्याय घ्या, क्लासला 'शेतकरीपेटी' नाव द्या आणि क्लास लायब्ररीची फाइल सांगा. आता ती लायब्ररी उघडून क्लास डिझायनरमध्ये जा. तिथे क्लास मेनूत 'न्यू मेथड' आहे. 'माहितीघे' नावाची मेथड जोडा आणि तिच्यात लिहा:

एलपॅरामीटर्स टीएनकोड
इफ व्हारटाइप(टीएनकोड) <> "एन"
  रिटर्न .एफ.
एन्डइफ
इफ सीक(टीएनकोड, "शेतकरी", "कोड")
  धिस.टेक्स्टनाव.व्हॅल्यू = शेतकरी.नाव
  धिस.टेक्स्टगाव.व्हॅल्यू = शेतकरी.गाव
एल्स
  धिस.टेक्स्टनाव.व्हॅल्यू = ""
  धिस.टेक्स्टगाव.व्हॅल्यू = ""
एन्डइफ

'एल्स'चा भाग गाळू नका. कोड सापडला नाही आणि पेटीत आधीच्या शेतकऱ्याचे नाव तसेच राहिले, तर ती वर सांगितलेलीच चूक दुसऱ्या दाराने आत येते.

जतन करा. फॉर्मवरचा जुना कंटेनर काढून टाका आणि त्या जागी हा क्लास आणून ठेवा. हे विसरले जाते. जुना कंटेनर फॉर्मवर तसाच राहतो, त्याला मेथड नसते, आणि माणूस तासभर एरर शोधत बसतो.

मग फॉर्मला 'पट्टीभर' नावाची मेथड जोडा. ती वाटपाची जागा:

= सीक(धिसफॉर्म.एनपट्टी, "पट्टी", "क्रमांक")
धिसफॉर्म.शेतकरीपेटी१.माहितीघे(पट्टी.शेतकरीकोड)
धिसफॉर्म.काटाग्रिड१.माहितीघे(धिसफॉर्म.एनपट्टी)
धिसफॉर्म.रिफ्रेश()

आणि फॉर्मच्या इनिटची शेवटची ओळ: धिसफॉर्म.पट्टीभर(). वाटप इनिटमध्येच न लिहिता वेगळ्या मेथडमध्ये ठेवण्याचा फायदा 'पुढची पट्टी' या बटणात दिसतो. तिथे 'एनपट्टी' बदलायची आणि 'पट्टीभर' पुन्हा बोलवायची. फॉर्म बंद करून उघडायची गरज नाही.

पेटीच्या आत 'धिसफॉर्म.एनपट्टी' लिहायचा मोह टाळा. आत फक्त 'धिस' आणि आलेला पॅरामीटर. उचलीच्या फॉर्मवर 'एनपट्टी' नावाची प्रॉपर्टी नसते, आणि पेटी तिथे लागली की लगेच अडते. पॅरामीटर घेणारी पेटी कुठल्याही फॉर्मवर बसते.

मेथडला कंसात दिलेले व्हेरिएबल मूल्याने जाते. आत ते बदलले तरी बाहेरचे बदलत नाही. बाहेरचेही बदलायला हवे असेल तर नावापुढे 'ॲट'चे चिन्ह लावा. ॲरे पूर्ण पाठवायचा तर ते चिन्ह लावावेच लागते. प्रॉपर्टी मात्र अशी संदर्भाने पाठवता येत नाही. आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, ते पाठवा, परत आल्यावर प्रॉपर्टीत ठेवा.

डेटा आधी उघडतो, पॅरामीटर नंतर येतो

हाच वेळेचा घोटाळा डेटा एन्व्हायर्नमेंटमध्येही, म्हणजे फॉर्मबरोबर आपोआप उघडणाऱ्या टेबलांच्या मांडणीतही होतो. समजा काट्याच्या चिठ्ठ्यांसाठी पॅरामीटर असलेला व्ह्यू (जतन केलेली क्वेरी) केला आहे, ज्याच्या अटीत पट्टी क्रमांक प्रश्नचिन्ह लावून '?व्हीपीपट्टी' असा लिहिला आहे. तो डेटा एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकला की फॉर्मच्या इनिटआधीच उघडायला बघतो. व्हीपीपट्टी तोवर कुठेच नाही, म्हणून फॉक्सप्रो वापरणाऱ्यालाच एक खिडकी काढून तिचे मूल्य विचारतो. मुनीमजी घाबरून फोन करतात.

उपाय डेटा एन्व्हायर्नमेंटमध्येच आहे. त्या व्ह्यूवर क्लिक करून 'नोडेटाऑनलोड' ही प्रॉपर्टी खरी करा. मग व्ह्यू रिकामा उघडतो, ग्रिडचे कॉलम जागच्या जागी राहतात आणि काही विचारले जात नाही. भरण्याचे काम ग्रिडच्या 'माहितीघे'त:

एलपॅरामीटर्स टीएनपट्टी
प्रायव्हेट व्हीपीपट्टी
व्हीपीपट्टी = टीएनपट्टी
रिक्वेरी("व्ह्यूकाटा")
धिस.रिफ्रेश()

काही जण व्ह्यूऐवजी 'सिलेक्ट ... इनटू कर्सर'ने, म्हणजे तात्पुरत्या टेबलमधून, ग्रिड भरतात. चालते, पण त्याच नावाचा कर्सर दुसऱ्यांदा केला की पहिला बंद होतो. ग्रिडच्या पायाखालची जमीनच सरकते आणि तुम्ही मेहनतीने लावलेले कॉलम, रुंदी, रंग सगळे जाते. ग्रिडसाठी म्हणूनच मी नव्या माणसाला व्ह्यूच सुचवतो. कॉम्बोचे तितके अवघड नाही. त्याच्या यादीमागचा डेटा बदलला की कॉम्बोची स्वतःची रिक्वेरी मेथड बोलवायची.

याच ठिकाणी फॉर्मची 'डेटासेशन' प्रॉपर्टी २ करून टाका, म्हणजे खाजगी. दोन पट्ट्या एकाच वेळी उघड्या असल्या तरी एकीमुळे दुसरीचा रेकॉर्ड पॉइंटर (टेबलमध्ये आपण कोणत्या ओळीवर आहोत ती खूण) हलत नाही. प्रॉपर्टीत क्रमांक जपला आणि टेबलचा पॉइंटर सामाईक राहिला, तर माझ्या पट्टीसारखा घोळ पुन्हा होऊ शकतो. एक लक्षात ठेवा. खाजगी सेशनमध्ये 'सेट डिलीटेड', 'सेट डेट', 'सेट सेंच्युरी' यांसारख्या सेटिंग मूळपदावर येतात. मुख्य प्रोग्राममध्ये त्या लावल्या असल्या तरी फॉर्मच्या लोडमध्ये पुन्हा लावा. नाहीतर खोडलेल्या चिठ्ठ्या ग्रिडमध्ये दिसू लागतात आणि तारखा अमेरिकी पद्धतीने उलट्या होतात.

चालू फॉर्मवर ऑब्जेक्ट घालताना

कंट्रोलच्या इनिटला पॅरामीटर देता येतच नाही का? येतो, पण ते ऑब्जेक्ट तुम्ही स्वतः कोडमधून तयार करत असाल तर. डिझायनरमध्ये ठेवलेले ऑब्जेक्ट फॉक्सप्रो स्वतः बनवतो आणि त्यांच्या इनिटला काही देत नाही. पण 'ॲडऑब्जेक्ट'ने बनवताना क्लासच्या नावापुढची मूल्ये इनिटला मिळतात:

धिसफॉर्म.ॲडऑब्जेक्ट("पेटी२", "शेतकरीपेटी", एलएनकोड)
धिसफॉर्म.पेटी२.व्हिजिबल = .टी.

यासाठी क्लासच्या इनिटमध्ये 'एलपॅरामीटर्स' हवेच. दुसरी ओळ विसरू नका. असे घातलेले ऑब्जेक्ट दिसत नसलेल्या अवस्थेतच जन्मते. क्लास लायब्ररी आधी 'सेट क्लासलिब'ने उघडलेली असावी. मी ही पद्धत क्वचितच वापरतो. किती पेट्या लागतील हे आधी ठाऊक नसेल तरच तिची गरज पडते.

तुमचा फॉर्म दुसऱ्या फॉर्म-क्लासवरून बनला असेल तर आणखी एक गाठ आहे. तुमच्या इनिटमध्ये कोड लिहिला की वरच्या क्लासचा इनिट आपोआप चालत नाही. 'डूडिफॉल्ट(टीएनपट्टी, टीसीकाम)' असे म्हणून तो बोलवा आणि पॅरामीटर त्यालाही पोहोचवा. कंस रिकामा ठेवला तर वरच्याला 'डॉट एफ डॉट' मिळते आणि तो आपल्या तपासणीतच थांबतो.

काही इव्हेंट उघडले की 'एलपॅरामीटर्स'ची ओळ आधीच लिहिलेली असते. कीप्रेसमध्ये दोन नावे, ग्रिडच्या आफ्टररोकॉलचेंजमध्ये एक. ती मूल्ये फॉक्सप्रो स्वतः पाठवतो. आपल्याला उपयोग नाही म्हणून ती ओळ पुसू नका, आणि आपल्या ओळी तिच्या वर लिहू नका.

मूल्ये फार झाली तर

पट्टी, शेतकरी, वाण, भाव, तारीख, गाडी असे सहा-सात पॅरामीटर व्हायला लागले की क्रम चुकायला वेळ लागत नाही. भाव आणि वजन दोन्ही आकडेच, त्यामुळे उलटसुलट गेले तरी 'व्हारटाइप' ओरडत नाही. तेव्हा एकच ऑब्जेक्ट पाठवा. आवृत्ती ८ पासून 'एम्प्टी' नावाचा रिकामा क्लास आहे:

एलओमाल = क्रिएटऑब्जेक्ट("एम्प्टी")
ॲडप्रॉपर्टी(एलओमाल, "पट्टी", पट्टीयादी.क्रमांक)
ॲडप्रॉपर्टी(एलओमाल, "भाव", पट्टीयादी.भाव)
डू फॉर्म पट्टी विथ एलओमाल

टेबलची अख्खी ओळच हवी असेल तर 'स्कॅटर नेम एलओमाल' एका ओळीत तसे ऑब्जेक्ट करून देते. ऑब्जेक्ट नेहमी संदर्भाने जाते. पट्टीच्या फॉर्मने 'भाव' बदलला तर यादीच्या फॉर्मकडेही बदललेलाच दिसतो. कधी हेच हवे असते, कधी नको असते. पाठवण्याआधी ठरवा.

ऑब्जेक्ट म्हणून अख्खा फॉर्मसुद्धा पाठवता येतो, 'विथ धिसफॉर्म'. मुलगा-फॉर्म काम संपताच आई-फॉर्मची मेथड बोलावू शकतो, यादी ताजी करायला सोयीचे पडते. पण तो संदर्भ प्रॉपर्टीत ठेवला असेल तर डिस्ट्रॉयमध्ये तिला '.नल.' करा. नाहीतर आई-फॉर्म बंद करूनही पूर्ण मोकळा होत नाही.

फॉर्मकडून उत्तर परत आणणे

शेतकरी निवडायच्या फॉर्मला गाव द्यायचे आणि निवडलेला कोड परत घ्यायचा:

डू फॉर्म शेतकरीनिवड विथ एलसीगाव टू एलएनकोड

यासाठी त्या फॉर्मची 'विंडोटाइप' १, म्हणजे मोडल (तो बंद होईपर्यंत बोलावणारा कोड थांबतो), हवी. उत्तर अनलोड इव्हेंटमध्ये 'रिटर्न धिसफॉर्म.एनकोड' असे द्यायचे. अनलोडच्या वेळी आतले कंट्रोल आधीच मोडलेले असतात, तिथे टेक्स्टबॉक्सची व्हॅल्यू विचारू नका. म्हणून 'निवडा' बटणाच्या क्लिकमध्येच कोड प्रॉपर्टीत ठेवा आणि मग 'धिसफॉर्म.रिलीज()'. कोणी कोपऱ्यातल्या फुलीने फॉर्म बंद केला तर प्रॉपर्टीतले सुरुवातीचे शून्य परत येईल. बोलावणाऱ्याने ते शून्य तपासलेच पाहिजे.

तुमच्या गळ्यात फॉक्सप्रोऐवजी ॲक्सेस पडला असेल तर तिथे 'डूसीएमडी.ओपनफॉर्म'चा शेवटचा आर्ग्युमेंट, 'ओपनआर्ग्ज', हे काम करतो. फॉर्मच्या ओपन किंवा लोडमध्ये 'मी.ओपनआर्ग्ज' म्हणून तो वाचायचा. पुढचे वाटप वरच्यासारखेच.

कागद लावण्याआधी

त्या मुलाने टेक्स्टबॉक्सच्या इनिटमधली ओळ काढली, 'पट्टीभर'मध्ये घातली आणि क्रमांक दिसला. तेवढ्यावर मी त्याला थांबू दिले नाही. तुम्हीही थांबू नका. दोन वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी उघडा. दुसरीत एका काट्याचे वजन बदलून सेव्ह करा. पहिलीवर परत या आणि प्रिंट प्रिव्ह्यू दाबा. मग पहिलीतच 'पुढची पट्टी' दोनदा दाबून दुसरी पाहा. त्यानंतर क्रमांक न देता, नुसते 'डू फॉर्म पट्टी' कमांड विंडोतून चालवा. फॉर्म न उघडता संदेश यायला हवा. पहिलीचे नाव, वजन आणि चिठ्ठ्यांच्या ओळी पहिलीच्याच राहिल्या आणि दुसरीच्या दुसरीच्या, तर प्रिंटरला कागद लावा.